फॉरमॅट मारण्यात जाणारा दिवस वाचवा : स्वतःची विंडोज इमेज कशी बनवली आणि कुठे फसलो

घाटंजीकर
सोमवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी. घाटंजीला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणाल तर सेवा केंद्रवाले, कृषी केंद्रं, दोन-चार शाळा, एक फोटो स्टुडिओ आणि आसपासच्या खेड्यांतून यवतमाळला कॉलेजात जाणारी मुलं. ‘विंडोज उडालं, फॉरमॅट मारून द्या’ हे जून-जुलैत रोज ऐकतो. दाखले, प्रवेश, पीक विमा सगळं त्याच दिवसांत येतं आणि मशीनही नेमकं तेव्हाच बसतं. केंद्राबाहेर माणसं रांगेत उभी असताना ‘उद्या संध्याकाळी या’ म्हणायला जीव होत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका डेस्कटॉपला कुठे किती वेळ जातो ते मी वहीत मांडलं. विंडोज चढायला २५ मिनिटं. ड्रायव्हर शोधून टाकायला ४० मिनिटं, त्यातही वायफायचा ड्रायव्हर मोबाइलला केबल लावून उतरवावा लागला. मराठी फॉन्ट, प्रिंटर, ऑफिस, पीडीएफ, दोन ब्राउझर यांत सव्वा तास. आणि अपडेटला अख्खी रात्र, कारण हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा दुपारीच संपला आणि पुढचा रात्री १२ नंतर मिळाला. मध्ये एकदा लाइन गेली ती वेगळीच. खुद्द विंडोजला जेमतेम अर्धा तास लागतो, बाकी दिवस त्याच्या मागच्या कामांत जातो.

तेव्हा ठरवलं, ही मागची कामं एकदाच करायची आणि पेनड्राइव्हवर बांधून ठेवायची. इमेज ती हीच, सगळं सामान बसवलेल्या विंडोजची एका फाइलीतली नक्कल. आता माझं लक्ष लागतं १५ मिनिटं आणि पाऊण तासात मशीन गिऱ्हाइकाच्या हाती जातं.

कृती अशी. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मूळ आयएसओ, म्हणजे विंडोज चढवायची फाइल, उतरवली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज चढवलं आणि ‘तुमचा देश निवडा’ हा पहिला पडदा आला की तिथेच थांबून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकदम दाबलं. मशीन ऑडिट मोडमध्ये जातं, म्हणजे कोणाचं खातं न बनवता आत शिरून सामान बसवता येतं. इथे नेट बंद ठेवा. नेट चालू राहिलं की स्टोअरमधली ॲप आपोआप अपडेट होतात आणि नंतर सिसप्रेप (विंडोजला दुसऱ्या मशीनवर चढवण्याजोगं करणारं त्यातलंच टूल) अडून बसतं. माझे दोन रविवार यातच गेले. अपडेट हवेच असतात, तर ते अपडेट कॅटलॉगवरून आधी फाइल उतरवून हाताने चढवा.

सगळं बसलं की व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे परत मागे जाता येईल अशी त्या क्षणाची प्रत, घ्या. तो जपा, दर वेळी अपडेट टाकायला तिथूनच सुरुवात करायची असते. मग सिसप्रेप चालवा, जनरलाइझ आणि ओओबीई (पहिल्यांदा चालू करतानाचे पडदे) निवडून, शेवटी शटडाउन. यानं त्या मशीनची ओळख पुसली जाते. आता आयएसओवरून बूट करून शिफ्ट-एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथून डिस्म या विंडोजच्याच टूलच्या कॅप्चर-इमेज आज्ञेनं सगळ्या सी ड्राइव्हची एक विम फाइल (हीच इमेज) करा आणि मूळ आयएसओवरून बनवलेल्या पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमधल्या इन्स्टॉल डॉट विमच्या जागी ठेवा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तेव्हा डिस्मच्याच स्प्लिट-इमेजनं ३,८०० एमबीचे तुकडे करा, सेटअप ते आपोआप जोडून घेतं.

काही अडलं तर विचारा. तुम्ही काय वेगळं करता तेही लिहा.

मानोऱ्याची ताई
सोमवार, रात्री ११:१५

भाऊ, फार कामाचं लिहिलंत. मी सेवा केंद्र चालवते आणि दोन वर्षांत तीनदा फॉरमॅटची पाळी आली. दर वेळी एकच त्रास. विंडोज नवं झालं की माझे जुने अर्जांचे नमुने उघडतात, पण अक्षरं बदललेली, ओळी पानाबाहेर. मंगल फॉन्टमध्ये केलेले असतात ते. दुरुस्तीवाला म्हणतो विंडोजमध्ये मंगल असतोच. मग दिसत काहून नाही?

दुसरं, अंगठ्याचं मशीन. त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन आधारला जोडणारं सॉफ्टवेअर, तुम्ही इमेजमध्येच टाकता का?

घाटंजीकर
सोमवार, रात्री ११:३८

ताई, मंगलचं कारण पक्कं सांगतो. विंडोज १० पासून मंगल मूळ सामानात राहिला नाही. त्याच्या जागी निर्मला यूआय आला. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या वैकल्पिक सुविधेत गेले आणि ती सुविधा नेटवरून उतरते. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की ती आपोआप येते, पण नेट असेल तरच. म्हणून तुमच्याकडे मशीन परत आल्यावर पहिले काही तास कागद वाकडेतिकडे दिसतात. माझ्या इमेजमध्ये ही सुविधा आधीच बसवलेली आहे आणि इनस्क्रिप्ट व मराठी फोनेटिक दोन्ही कीबोर्ड लावलेले आहेत. फोनेटिक विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोजमध्येच मिळतो. ज्यांनी श्रीलिपी विकत घेतली आहे त्यांना ती त्यांच्याच लायसन्सवर नंतर बसवून देतो, इमेजमध्ये ठेवत नाही.

आरडी सर्व्हिसही आत घालत नाही. तिच्या आवृत्त्या बदलत राहतात आणि जुनी काढून नवी टाकण्यात दुप्पट वेळ जातो. ताजा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ‘केंद्र’ नावाच्या फोल्डरमध्ये असतो, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही तिथेच. शेवटी हे दोन हाताने चालवतो.

कपाशीवाला
मंगळवार, सकाळी ७:०५

भाऊ मले एक सांगा. माह्या लॅपटॉपवर ४ जीबी रॅम हाय. त्याच्यात हे व्हर्च्युअल मशीन चालन काय? आन् नाही चालन त मंग काय करा लागते? आमच्या गावात माह्याच घरी सगळे लॅपटॉप घेऊन येतात, शिकून घ्यायची इच्छा हाय.

घाटंजीकर
मंगळवार, सकाळी ८:२०

दादा, ४ जीबीत ओढाताण होईल, नादी लागू नका. एखादा रिकामा डेस्कटॉप मिळाला तर त्यावर खरंखुरं विंडोज चढवून हेच करा. ऑडिट मोड तिथेही तसाच लागतो आणि जनरलाइझ केल्यावर त्या मशीनचे ड्रायव्हर निघून जातात, त्यामुळे इमेज दुसऱ्या मशीनवर चालते. फक्त स्नॅपशॉटची सोय नाही. म्हणून सिसप्रेपनंतर आणि कॅप्चरच्या आधी ते मशीन चुकूनही हार्डडिस्कवरून चालू होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा सगळं करावं लागेल. बूट मेनूची कळ आधीच माहीत करून ठेवा.

लॅबवाला_नागपूर
मंगळवार, दुपारी १:५०

मी नागपूरला एका कॉलेजची लॅब सांभाळतो, माझं मूळ गाव सिंदेवाहीकडे. घाटंजीकर, तुमची पद्धत चुकीची म्हणत नाही, पण दुकानासाठी ती जड आहे असं माझं मत आहे. लॅबमध्ये ४० मशीन एकसारखी असतात, तिथे सगळं कोंबलेली इमेज परवडते. तुमच्याकडे दर दिवशी वेगळं मशीन येतं. आज बसवलेला ब्राउझर तीन महिन्यांत शिळा होतो आणि मग पुन्हा स्नॅपशॉट, पुन्हा सिसप्रेप, पुन्हा कॅप्चर.

त्यापेक्षा मूळ आयएसओला हात लावू नका. पेनड्राइव्हवर, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, ऑटोअनअटेंड नावाची उत्तरांची फाइल ठेवा. भाषा, कीबोर्ड, वेळ, खातं हे सेटअप जे जे विचारतं त्याची उत्तरं तिच्यात आधीच लिहिलेली असतात. खेड्यात याचा मोठा फायदा म्हणजे विंडोज ११ होम नेटशिवाय पुढे सरकत नाही, तिथे ही फाइल स्थानिक खातं बनवून पुढे नेते. ड्रायव्हरसाठी पेनड्राइव्हवर दोन्ही टोकांना डॉलरचं चिन्ह लावून विनपीईड्रायव्हर नावाचं फोल्डर करा, नाव अर्थात इंग्रजीत. त्यात टाकलेले ड्रायव्हर सेटअप स्वतः उचलतं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपमध्ये सेटअपला डिस्कच दिसत नाही आणि लोक एसएसडी गेली समजून नवी विकत घेतात. व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क कंट्रोलरचा) ड्रायव्हर दिला की तीच डिस्क दिसायला लागते.

आणखी एक. घरगुती लॅपटॉपवर बहुतेक वेळा होम सिंगल लँग्वेजचं लायसन्स असतं, किल्ली बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. तुमची इमेज प्रोची असेल तर ती त्या किल्लीवर ॲक्टिव्हेट होणार नाही. मूळ आयएसओ वापरली तर सेटअप किल्ली वाचून बरोबर तीच एडिशन टाकतं.

घाटंजीकर
मंगळवार, रात्री ९:३०

सर, एडिशनचं अगदी बरोबर. मी एकाच विम फाइलमध्ये होम सिंगल लँग्वेज आणि प्रो दोन्ही जोडून ठेवलंय. सारख्या फाइली विम एकदाच साठवते, त्यामुळे आकार दुप्पट होत नाही.

पण तुमच्या पद्धतीत सामान शेवटी नेटवरूनच येतं ना? माझ्या दुकानात ब्रॉडबँड आहे. मी जेव्हा गाडीवर पेनड्राइव्ह घेऊन पारव्याकडच्या खेड्यात जातो तेव्हा मोबाइलला एक कांडी असते. तिथे आत बांधलेलंच कामी येतं.

उत्तरांच्या फाइलबद्दल मला सगळ्यांना कळकळीनं सांगायचं आहे. आधी मीही ती वापरायचो आणि त्यात डिस्क पुसण्याचा आदेशही लिहिला होता, डिस्क ० पूर्ण साफ करून नवे भाग पाडायचे, म्हणजे तोही पडदा वाचतो. सहा महिने झकास चाललं. मग एका केंद्राचा डेस्कटॉप आला. त्यात नवी एसएसडी मी स्वतः घातलेली, आणि जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क तशीच आत, तिच्यावर सहा वर्षांचे स्कॅन केलेले कागद. पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं आणि चहा घ्यायला गेलो. परत आलो तर विंडोज जुन्या हार्डडिस्कवर चढत होतं. त्या मशीनच्या लेखी डिस्क ० तीच होती, एसएसडी नव्हे.

रात्री अडीचपर्यंत रिकव्हरी चालवली. फोटो आणि पीडीएफ बरेचसे परत आले, पण नावं गेली. सगळ्या फाइलींना नुसते आकडे. त्या माणसाने आणि मी मिळून पुढचे चार रविवार एकेक फाइल उघडून नाव दिलं. काही सातबारे उघडलेच नाहीत. ज्यांचे कागद होते ती माणसं तालुक्याला दोन-दोन चकरा मारून पुन्हा नकला घेऊन आली. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही, पण त्या चकरा माझ्यामुळे झाल्या.

तेव्हापासून बाकी सगळं आपोआप, फक्त डिस्क निवडण्याचा पडदा हाताने. आणि ज्या डिस्कवर विंडोज चढवायचं नाही तिची केबल आधी काढून ठेवतो.

लॅबवाला_नागपूर
मंगळवार, रात्री १०:०२

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी माझ्या फाइलमधून तो आदेश आत्ताच काढला. नेटचा मुद्दाही मान्य. मग मधला मार्ग काढू : अपडेट, मंगल आणि कीबोर्ड इमेजमध्ये, ड्रायव्हर फोल्डरमध्ये, आणि वरचेवर बदलणारी सॉफ्टवेअर इन्स्टॉलर म्हणून बाजूला. ती पहिल्यांदा लॉगिन होताच उत्तरांच्या फाइलमधल्या आदेशांनी आपोआप बसतात. इन्स्टॉलर बदलायचा असेल तर फाइल बदलली की झालं, इमेज पुन्हा बांधायची गरज नाही.

घाटंजीकर
मंगळवार, रात्री १०:१५

हे पटलं. या रविवारी असंच बांधतो. ब्राउझर आणि ऑफिस आतून बाहेर काढतो.

कपाशीवाला
बुधवार, सकाळी ६:५०

एवढं सगळं करा कायले, यूट्यूबवर तयार हलकं विंडोज भेटते ना? दोन जीबीतच मावते, जुन्या मशीनवर लय फास्ट पयते. माह्या दोस्तानं टाकलं हाय.

मानोऱ्याची ताई
बुधवार, सकाळी ९:३०

दादा, तसलं कोणाच्या केंद्रावर टाकू नका, हात जोडते. माझ्या केंद्रात तेच टाकून दिलं होतं. फास्ट होतं खरं. मग अपडेटच घेईना, डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) काढून टाकलेलं, आणि अंगठ्याचं मशीन ओळखेना. पण मला झोप लागली नाही ती वेगळ्या कारणानं. माझ्या मशीनवर लोक अंगठा लावतात, बँकेचा नंबर सांगतात, आधार दाखवतात. ते विंडोज कोणी बनवलं, आत काय घातलं, हे ना मला माहीत ना टाकणाऱ्याला. गावातल्या म्हाताऱ्या बायका माझ्या तोंडाकडे पाहून अंगठा ठेवतात.

कपाशीवाला
बुधवार, सकाळी १०:१०

बरोबर हाय ताई. हा इचार मी केलाच नव्हता. दोस्तालेही सांगतो. मूळ आयएसओवरूनच शिकतो आता.

मेळघाटातला मास्तर
बुधवार, रात्री ८:४५

मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. देणगीतून आलेले ९ डेस्कटॉप आहेत, सगळे एकाच कंपनीचे, इंटेलची चौथी पिढी, ४ जीबी रॅम, त्यांवर विंडोज १०. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या मशीनवर ११ बसत नाही असं कळलं. शिवाय चार मशीनवर विंडोज सुरूच होत नाही. शाळेत नेट म्हणजे माझा मोबाइल, तोही मैदानाच्या कोपऱ्यात. या मशीनचं काय करावं? मुलांना मराठी टायपिंग, चित्र काढणं, थोडं स्क्रॅच (मुलांचं प्रोग्रामिंग), एवढंच हवं आहे.

पुलगावचा पेंग्विन
बुधवार, रात्री १०:२०

गुरुजी, ही मशीन फेकू नका. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतं, त्यामुळे तो रस्ता सोडा. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला, ४ जीबीत आरामात चालते. केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर बेतलेली त्यांची स्वतःची प्रणाली चालते, ती त्यांच्या काइट या संस्थेनं शाळांसाठी बांधलेली आहे. म्हणजे शाळेची स्वतःची इमेज ही काही अवघड कल्पना नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे क्लोनझिला, अख्ख्या डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. एक मशीन नेट असलेल्या ठिकाणी आणा, परतवाड्याला किंवा कुठेही. त्यावर मिंट, मराठी इनस्क्रिप्ट, लिब्रेऑफिस, टक्सपेंट, स्क्रॅच सगळं बसवा आणि अपडेट करून घ्या. मग क्लोनझिलाने त्याची इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. ते डिस्कचा फक्त भरलेला भाग घेतं, त्यामुळे इमेज लहानच होते. शाळेत जाऊन ती एकेका मशीनवर उतरवा. नेट अजिबात लागत नाही.

एकच सांभाळा. ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. म्हणून सगळ्यात लहान डिस्क ज्या मशीनमध्ये आहे त्यालाच मूळ करा. उतरवून झालं की प्रत्येक मशीनचं नाव बदला आणि मशीन-आयडीही नवा करून घ्या.

लॅबवाला_नागपूर
बुधवार, रात्री १०:५५

पेंग्विनभाऊंच्या शेवटच्या ओळीला जोड देतो, विंडोज क्लोन करणाऱ्यांसाठी. सिसप्रेप न करता नुसतं क्लोनझिलाने विंडोज पसरवलं तर सगळ्या मशीनचा एसआयडी (विंडोजचा ओळख क्रमांक) एकच राहतो. पूर्वी बहुतेकदा चालून जायचं. २०२५ च्या ऑगस्टअखेरच्या अपडेटपासून विंडोज ११ हे तपासायला लागलं आहे, आणि अशा मशीन एकमेकांच्या शेअर फोल्डरमध्ये लॉगिनच होऊ देत नाहीत. लॅबमध्ये यात आमचा एक आठवडा गेला.

सातपुडा
गुरुवार, दुपारी १२:३०

धाग्याची वाचनखूण साठवली. एक प्रश्न : फॉरमॅटच्या आधी जुने ड्रायव्हर काढून ठेवता येतात का? काही जुन्या मशीनचे आता कुठेच मिळत नाहीत.

घाटंजीकर
गुरुवार, दुपारी २:४०

येतात, आणि ते मी आधी करतो. डिस्मच्या एक्सपोर्ट-ड्रायव्हरनं बाहेरून घातलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये निघतात. विंडोज सुरूच होत नसेल तरी पेनड्राइव्हवरून बूट करून त्या बंद पडलेल्या विंडोजमधूनही काढता येतात. माझ्याकडे मॉडेलच्या नावानं असे ६० च्या वर फोल्डर साठलेत. नवं विंडोज चढलं की तेच फोल्डर दाखवायचं. फक्त आधी डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपानं बंद नाही ना ते बघा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेलं असलं की कित्येकदा मालकाला न कळता डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते. रिकव्हरी किल्ली त्याच्या खात्यात मिळते, तेव्हा गिऱ्हाईक समोर असतानाच विचारून घ्या. एकदा गावी गेला की फोन लागत नाही.

मेळघाटातला मास्तर
पुढचा सोमवार, रात्री ९:१०

काम झालं, म्हणून कळवतो. शनिवारी एक मशीन एसटीनं परतवाड्याला नेलं, मेहुण्याच्या घरी रात्रभर अपडेट केलं आणि इमेज घेतली. आज शाळेत साडेअकराला सुरुवात केली. पहिल्या मशीनला घाबरत घाबरत ४० मिनिटं लागली, नंतर दर मशीनला १२ ते १५. आठवीच्या दोन मुली पडद्यावरचं वाचून पुढचं बटण सांगत होत्या. सहाव्या आणि सातव्या मशीनचं त्यांनी सगळं स्वतः केलं, मी नुसता उभा होतो. दोनला लाइन गेली, एक मशीन अर्ध्यावर राहिलं. लाइन आल्यावर पहिल्यापासून उतरवलं, काही बिघडलं नाही. कोरकूही देवनागरीतच लिहितो आम्ही, त्यामुळे इनस्क्रिप्टवर मुलांनी आधी घरच्यांची नावं टाइप केली.

आठ झाली. नववं चालू होतं, पण दर वेळी तारीख २०१४ ची दाखवतं आणि मोबाइलचं नेट जोडलं तर ब्राउझर एकही साइट उघडू देत नाही. इमेजमध्ये काही चुकलं का?

पुलगावचा पेंग्विन
पुढचा सोमवार, रात्री ९:२५

इमेज ठीक आहे गुरुजी. मदरबोर्डवरचा सेल गेला आहे. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात, म्हणून ब्राउझर अडवतो. सीआर२०३२ नावाचा चपटा गोल सेल मिळतो, घड्याळवाल्याकडेही असतो. बदला आणि बायोसमध्ये तारीख लावा.

मेळघाटातला मास्तर
पुढचा सोमवार, रात्री ९:३१

बुधवारी बाजार आहे, घड्याळवाला येतो. दोन घेऊन ठेवतो.